चौथी थैली

विद्यापीठातल्या मॅडमनी प्रबंधाची प्रत पाठवली, तेव्हा मी पानापानावर माझं नाव शोधलं. आभारात ‘डोणगावचे एक बियाणे विक्रेते’, एवढंच. फोन लावून तोंडाला येईल ते बोललो. युक्ती माझी होती, तिच्यावर पदवी त्यांना मिळाली. अजूनही तो राग गेलेला नाही.

माणूस वस्तू कशापायी घेतो, मनात धरलेलं तडीस नेतो की मधेच सोडतो, असा त्यांचा अभ्यास. बीटी कपाशीचा एक हंगाम त्या माझ्या दुकानात बसल्या. चार थैल्या घेणाऱ्याला फवारणीचा पंप, थैलीमागे कार्डावर एक ठप्पा, असं त्यांनी ठरवलं होतं. मी म्हणालो, “मॅडम, चाराऐवजी सहा घरं करा अन् दोन ठप्पे आपणच मारून द्या. थोडी वाट चालून आलो असं वाटलं, की गिऱ्हाईक माघारी फिरत नाही.” बाजारोबाजार बांगड्या-कंगवे विकत मी दुकानापर्यंत पोचलो होतो. हे मला पुस्तकानं शिकवलं नव्हतं.

ती कार्डं भराभर भरली.

माझ्या एका बालमित्राचं चार एकर रान होतं. तीन एकरांत कपाशी आणि एका एकरात ज्वारी, हा त्याचा दरवर्षीचा नेम. कडबा बैलजोडीला लागे. एकरी एक, अशा त्यानं तीन थैल्या घेतल्या. कार्डावर एक घर उरलं.

“काऊन थांबतं बे? एका घरासाठी पंप सोडतं?” मी म्हणालो.

“अन् बैलायले काय पंप चारू?”

दुकानातले हसले. मी सोडलं नाही. “कडबा इकत घे न. कपाशीच्या जोरावर चार जोड्या पोसशीन.”

दोन दिवस तो कार्ड खिशात घालून दुकानासमोरून गेला-आला. तिसऱ्या दिवशी थैली उचलली.

पावसानं मधेच दडी मारली. कपाशी गुडघ्याच्या वर गेली नाही. ज्वारी गावात बहुतेकांनी पेरलीच नव्हती, त्यामुळे कडबा कुठल्याच भावात मिळेना. होळीच्या आधी तो दुकानात आला. “जोडी इकाची हाय. तू चाल. तुह्यासारखा भाव मले नाही करता येत.”

बैलबाजारात रुमालाखाली व्यापाऱ्याची बोटं दाबत मी भाव चांगला चढवला. मित्र बैलांकडेच बघत होता.

“काऊन घेतली बे चौथी थैली?” मी विचारलं. त्यानं माझ्यावर ओरडावं, अशी इच्छा होती.

“ते एक घर रिकामं दिसे,” तो म्हणाला. “वाटे, एवढं तं आपल्या हातानं पुरं होईन.”

बैल विकला तरी दावं जुन्या धन्यानं ठेवायचं, अशी आमच्याकडची रीत. तो दावं सोडायला वाकला. गाठ सुटेना. मी हात पुढे केला.

“तू राहू दे,” तो म्हणाला.