दोन खोल्या आणि एक पाहुणा

पोलिसाच्या नोकरीत अशी काही प्रकरणं येतात, जी वर्दी उतरवल्यावरही माणसाला झोपू देत नाहीत. मला झोप उत्तम लागते. पण बारामतीतलं ते दोन खोल्यांचं घर काही विसरलो नाही.

भर दुपारी ठाण्यात फोन आला: एक अनोळखी म्हातारी आमच्या घरात घुसायला बघतेय. हवालदार तिला घेऊन आले. निरवांगीच्या आक्का. हातात नवं कोरं कुलूप.

"कुणाच्या घरात घुसत होता?" मी दरडावलं.

"माझ्याच. दुसऱ्याच्यात कशाला घुसू?"

त्यांचे यजमान साखर कारखान्यात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे घर बांधलं आणि वर्षभरात गेले. तेव्हापासून भाडेकरू ठेवणं, काढणं सगळं जावेचा भाऊ, म्हणजे त्यांचा पाहुणा, बघायचा. त्याचा धंदाच तो. आता नातीला बारामतीत नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. तिला राहायला खोली हवी, म्हणून आक्कांनी त्याला कळवलं, 'यापुढं घराचं मीच बघीन.' तो बरं म्हणाला. भाडेकरूनं मात्र दार उघडलं नाही. त्याच्या लेखी मालक तो पाहुणाच.

"त्याच्याकडून काही लिहून घेतलंय?"

"पाव्हण्याकडनं? सोयऱ्याला कागद मागितला तर दारात उभं करंल का कुणी आमाला?"

पाहुण्याला बोलावलं. खोटं बोलणाऱ्याला घाम फुटतो म्हणतात. यानं चहात साखर कमी सांगितली.

"साहेब, आक्कांचं वय झालंय, इसरत्यात. घर त्यांनीच माझ्या हवाली केलंय."

"व्हय, केलं की," आक्का म्हणाल्या. "झाडायला."

तासभर उलटसुलट विचारूनही तो बधेना. शेवटी ठाण्याच्या कपाटातून त्यानं भरून दिलेला भाडेकरूच्या माहितीचा अर्ज काढायला लावला. मालक म्हणून पाहुण्याचं नाव; सोबत जोडलेलं वीजबिल आक्कांच्या मयत यजमानांच्या नावाचं. तिथं पाहुण्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग मीही ठेवला. 'मालकीची खात्री केली' या ओळीखाली सही माझी होती. एका मंत्र्याच्या बंदोबस्ताला निघताना गठ्ठाच्या गठ्ठा न वाचता सह्या करून दिला होता.

पाहुण्यावर गुन्हा दाखल केला. भाडेकरूनं कोर्टातून मनाई आणली. घर मोकळं व्हायला दीड वर्ष गेलं. तोवर नातीचा प्रवेश गेला आणि बावड्याचं स्थळ आलं.

फसवायला हुशारी लागते, असं मी समजत होतो. एकानं कागद मागू नये आणि दुसऱ्यानं वाचू नये, एवढंच लागतं.

लग्नाची पत्रिका द्यायला आक्का स्वतः आल्या. "घर आता मीच बघती, साहेब. भाडेकरू ठिवलाय, कागद करून."

"आणि नात?"

"दिली की बावड्याला," म्हणाल्या, आणि पत्रिका टेबलावर ठेवली.

खटला अजून चालूच होता. मांडवात मानाचे फेटे बांधले. पहिला त्याच पाहुण्याला, दुसरा मला.