कोर्टामागच्या वळणावरची हाक

पहाटे साडेतीनला एझेल क्रम्पटनचा दिवस सुरू होई. घड्याळ बायकोच्या उशाशी असे, पण त्याला त्याची गरज नव्हती. अठ्ठावन्नाव्या वर्षीही तो एका दमात उठे, चूल पेटवी, मक्याच्या कण्या शिजत घाली, डब्यात थंड रताळं आणि खारवलेल्या मांसाचा तुकडा टाकी आणि साडेचारला रेल्वेच्या अवजारांच्या कोठीपाशी हजर राही. गँगची बाकीची माणसं पावणेपाचला येत. उशिरा येणाऱ्याकडे तो बघतसुद्धा नसे. तेवढ्यानं माणूस दुसऱ्या दिवशी वेळेवर येई.

गँग आठ जणांची. एझेल नववा. त्याच्या हातात पहार नसे. तो हाक देई. मिसिसिपीच्या उन्हात रूळ सरकत, गाड्यांच्या ओझ्यानं वाकडे होत. आठ जणांनी पहारी रुळाखाली घालायच्या आणि खालच्या लाकडी स्लीपरांसकट ते लोखंड बोट-दोन बोटं ढकलून सरळ करायचं. आठ माणसं आपापल्या मनानं जोर लावतील तर रूळ केसभर हलत नाही. तीच माणसं एका क्षणी लावतील तर हलतो. तो क्षण कुणीतरी द्यावा लागतो. त्यासाठी गाणं. बाकीचं गाणं रेडिओवाल्यांसाठी आणि रिकामटेकड्यांसाठी, असं एझेलचं मत होतं.

लांबवर रुळावर उकिडवा बसून एका डोळ्यानं रूळ सरळ झाला का बघणारा गोरा मुकादम हॅडॉक. त्याला सगळे ‘कॅप्टन’ म्हणत. वीस वर्षांत त्यानं एकदाही पहार उचलली नव्हती.

‘कॅप्टनचं कुत्रं खातं मटण,’ एझेल हाक देई.

पहारी रुळावर वाजत. ठक्, ठक्.

‘माझ्या ताटात कालचं वरण. होऽ, सरकव!’

रूळ सरके. हॅडॉक लांबून हसे, मांडीवर थाप मारी आणि पाहुण्याला सांगे, ‘आमचा एझेल म्हणजे गंमत आहे हो!’ आपल्यालाच शिव्या बसतायत हे त्याला वीस वर्षांत कळलं नाही. जे नुसतं बोलल्यानं नोकरी गेली असती, ते तालात म्हटलं की त्याचाच पगार मिळे. एझेलला त्याचा राग येत नसे. राग बरोबरीच्या माणसाचा येतो.

त्याची बायको लुवेनिया चौपन्न वर्षांची. गोऱ्यांच्या घरचे कपडे धुऊन इस्त्री करण्यात तिचे गुडघे गेले होते. तिला वाचता-लिहिता येई, त्याला येत नसे. आणि तिला मतदार व्हायचं होतं. त्यासाठी काळ्या माणसानं कोर्टाच्या दारात रांग लावायची, कारकून एकेकाला आत घेई, राज्यघटनेचा उतारा लिहायला लावी आणि त्याचा अर्थ विचारी. रांग सोडली की जागा गेली. बसलं तरी गेली. पाणी द्यायलाही कुणाला जवळ येऊ देत नसत. लुवेनिया दोनदा गेली, दोनदा गुडघ्यांनी दगा दिला. दुसऱ्या वेळी पायरीवर टेकली आणि शिपायानं दंड धरून बाहेर काढलं.

‘आता तिसऱ्यांदा बसले ना, मिस्टर क्रम्पटन,’ ती म्हणाली, ‘तर मी परत जाणार नाही. माझ्यात तेवढं उरलेलं नाही.’

‘मग बसू नकोस.’

‘वा! हे सुचलंच नव्हतं मला.’

रविवारी दुपारी चर्चमध्ये उद्याच्या रांगेची तयारी होती. लुवेनियाला हात धरून न्यायला हवं म्हणून एझेल गेला. रेव्हरंड स्टॅलवर्थ पाऊण तास बोलले आणि रूमालानं मान पुसून खाली बसले, जणू रांगेत तेच उभे राहून आले होते. मग जॅक्सनच्या कॉलेजातून आलेली मिस पिंकस्टन उठली. तिनं गाण्याचे छापील कागद वाटले आणि टाळ्या वाजवत गाणं सुरू केलं. मोठ्यानं. भराभर. सत्तरीच्या म्हाताऱ्या तिच्यामागे धापा टाकत गात होत्या.

एझेल शेवटच्या बाकावरून म्हणाला, ‘किती वेळ उभं राहायचंय उद्या?’

‘दिवसभर, मिस्टर क्रम्पटन.’

‘आणि हे किती वेळ गाणार?’

‘दिवसभर! गाणं हीच आपली ताकद आहे.’

‘दहापर्यंत घसे बसतील. अकराला पाय बसतील. पोरी, ताकद खर्च करायची असते की राखायची?’

दोघे-तिघे हसले. मिस पिंकस्टन ओशाळली. ‘मग तुम्ही या ना. तुमची हाक सगळा गाव ओळखतो.’

‘मला काम आहे,’ एझेल म्हणाला. ‘उद्या सोमवार.’

‘हेसुद्धा काम आहे.’

‘कामाला रूळ लागतो,’ तो म्हणाला आणि टोपी घातली. घरी जाताना लुवेनियानं त्याला हात धरू दिला नाही.

सोमवारी गँग कोर्टामागच्या वळणावर होती. कापसाच्या गाड्यांनी तिथला रूळ बाहेर ढकलला होता, आणि दोन चाळीसच्या मालगाडीआधी तो सरळ व्हायला हवा होता. तिथून रांग तीस पावलांवर, कुंपणापलीकडे. चाळीसेक माणसं. लुवेनिया सातवी. रेव्हरंड स्टॅलवर्थ दिसत नव्हते. त्यांना सकाळी ताप भरला होता.

एझेल म्हणाला होता तसंच झालं. साडेनऊला घसे बसू लागले. दहाला जाडा शेरीफ पायऱ्यांवर आला आणि ओरडला, ‘कोर्टाच्या आवारात गाणं बंद! जो तोंड उघडेल तो गाडीत!’ मिस पिंकस्टनबरोबर आलेल्या दोन विद्यार्थ्यांनी तोंड उघडलं, ते पोलिसांच्या गाडीत गेले. मग शांतता. मुकाट रांग बघता बघता खचते. माणसाला आपले पाय ऐकू यायला लागतात. बारापर्यंत कारकुनानं चार जण घेतले आणि तो जेवायला गेला. एकला परत आला, दोनपर्यंत एक घेतला. दहा-बारा जण रांग सोडून निघून गेले. लुवेनियाच्या पुढे आता एकच माणूस होता, पण ती कुंपणाला धरून डाव्या पायावर झुकली होती आणि एक शिपाई तिच्याकडे मांजरासारखा टपून बघत होता.

एझेलनं ते पाहिलं. रूळ हलका होता, त्याला भरभर हाक पुरली असती. त्यानं ती बदलली. डोंगर कापून काढलेल्या मार्गावर, गुडघाभर खडीत, जिथं माणसाला दिवसभर पुरवून जोर लावायचा असतो, तिथली लांब हाक त्यानं काढली.

‘दार दिसतंय, दार दूर नाही,’

ठक्, ठक्.

‘पाय टेक, बाई, घाई नाही. होऽ, सरकव!’

गँगनं मान वर केली नाही, पण सगळ्यांना कळलं. पलीकडे लुवेनियानं वजन उजव्या पायावर घेतलं. पुढच्या ठोक्याला डाव्या. मग तिच्यामागची बाई. मग सगळी रांग, जेमतेम दिसेल इतकी, या पायावरून त्या पायावर. ‘सरकव’ला बंद ओठांतून हुंकार आला. तोंड कुणी उघडलं नव्हतं.

शेरीफ कुंपण ओलांडून आला. ‘हॅडॉक! तुझ्या त्या पोराला गप्प कर.’

‘कॅप्टन’नं हात वर केला. ‘एझेल, पुरे. गप्प बस.’

अठ्ठावन्न वर्षांचं पोर गप्प बसलं. अगदी सांगितल्याप्रमाणे.

आठ जणांनी पहारी घातल्या आणि जोर लावला. रूळ जागचा हलला नाही. पुन्हा लावला. एकाची पहार सटकून दुसऱ्याच्या नडगीवर बसली.

‘मी मोजतो!’ हॅडॉक ओरडला. ‘एक, दोन, तीन!’

चौघांनी तीनवर जोर लावला, चौघांनी तीननंतर. ‘तीनला म्हणजे तीनला!’ हॅडॉक किंचाळला. दुसऱ्या खेपेला दोघांनी दोनवरच लावला. वीस वर्षं गंमत म्हणून ऐकलेल्या गोष्टीनंच आपला पगार निघतो, हे त्याच्या डोक्यात शिरायला इतका वेळ लागला. तेवढ्यात पुलाकडून मालगाडीची शिट्टी आली. लाल बावट्यापुढे इंजिन येऊन थांबलं, ड्रायव्हर खिडकीतून नको ते बोलू लागला.

‘गा,’ हॅडॉक म्हणाला.

‘शेरीफसाहेब नको म्हणाले, कॅप्टन.’

‘गा म्हणतोय ना मी!’

‘मग त्यांना तुम्ही सांगा. मी कसा सांगू?’

हॅडॉकनं सांगितलं. शेरीफनं मालगाडीकडे पाहिलं. रेल्वे कंपनीच्या चाळीस डब्यांशी भांडण्याची त्याची छाती नव्हती. त्याची सगळी छाती म्हाताऱ्या बायांपुरती होती. तो खाली थुंकला आणि निघून गेला.

एझेलनं हाक दिली. आणि मग त्यानं आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. कामात वेळ काढला. जो रूळ चार हाकांत जागेवर बसला असता, तो त्यानं केसाकेसानं आणला. गँगला काही सांगावं लागलं नाही. तो जितका जोर मागेल तितकाच ती देई. हॅडॉक लांबून ‘आणखी! आणखी!’ करत हात हलवत होता. इंजिन धडधडत उभं होतं. एझेलच्या मानेवरून घाम वाहत होता, उन्हाचा नव्हे, लाजेचा. अर्धवट केलेलं काम त्याला उघड्यावर कपडे सोडल्यासारखं वाटे.

तीनला कारकुनानं पुढच्या माणसाला सोडलं. लुवेनिया कुंपणाचा आधार सोडून दारापर्यंत चालत गेली. आत शिरताना तिनं मागे वळून पाहिलं नाही. तिला ताल मोडायचा नसावा.

दार बंद झालं. ‘होऽ, सरकव!’ एझेल म्हणाला, आणि रूळ एका झटक्यात जागेवर बसला. रांगेच्या टोकाला उभी असलेली मिस पिंकस्टन त्याच्याकडे बघत होती. हातातला छापील कागद तिनं घडी करून खिशात घातला होता.

रीतीप्रमाणे अर्ज करणाऱ्यांची नावं पुढच्या आठवड्यात पेपरात आली, गावातल्या मालकांना कळावं म्हणून. शुक्रवारी हॅडॉकनं एझेलला कोठीमागे बोलावलं. नजर दुसरीकडे ठेवून त्यानं शेवटच्या पगाराचं पाकीट पुढे केलं आणि तो म्हणाला, ‘बायकोमुळे नाही हं. कंपनीला कारण द्यावं लागतं. मी लिहिलंय, त्या दिवशी काम सावकाश केलं.’

कारण खोटं असतं तर एझेल थुंकला असता आणि चालायला लागला असता. हे मात्र खरं होतं. घरी येऊन तो रात्रीचं जेवला नाही.

‘मग चुकलं का?’ लुवेनियानं विचारलं.

‘नाही.’

‘मग जेवा. ढोंग नको.’

लुवेनिया पास झाली. तेवढ्यानं मत देता येत नसे. दोन वर्षांचा मतदानकर भरायचा, वर्षाला दोन डॉलर, मतदानाला त्याच्या पावत्या दाखवायच्या, आणि कर घ्यायला बसलेला होता शेरीफ. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एझेल त्याच्या टेबलापुढे उभा राहिला. शेवटच्या पगाराचं पाकीट तीन महिने तसंच होतं; तोवर घर लुवेनियाच्या इस्त्रीवर चाललं.

शेरीफनं त्याला बराच वेळ उभं ठेवलं. एझेल या पायावरून त्या पायावर वजन घेत राहिला. त्याला घाई नव्हती.

‘काय रे, आज गाणं नाही?’ शेरीफ शेवटी म्हणाला.

‘इथं कुणी काम करताना दिसत नाही,’ एझेल म्हणाला. त्यानं पाकीट फोडून चार डॉलर टेबलावर ठेवले आणि त्यावरचा हात काढला नाही. ‘पावती आधी. दोन वर्षांच्या दोन. बायकोच्या नावानं.’