दस्तगीरभाईंचं फौजी घड्याळ

दस्तगीरभाई मुल्ला हात मिळवायला पुढे झाले की समोरच्याची नजर आधी त्यांच्या मनगटावर जायची. घड्याळच तसं होतं. काळी तबकडी, तिच्यावर ठसठशीत पांढरे आकडे, त्यांच्या आतल्या बाजूला तेरापासून चोवीसपर्यंतचे बारीक आकडे, रेडियमचे काटे आणि जाड हिरवा कापडी पट्टा. चमक कुठेच नाही. ते बघून माणूस हमखास विचारायचा, "कुठल्या रेजिमेंटला होता?" आणि भाई हात न सोडता सांगायचे, "घड्याळ फौजी हाय, मी न्हाय."

उचगावजवळच्या ज्या फाउंड्रीत मी स्टोअरला लागलो, तिथे ते लोखंड वितळवायच्या भट्टीवर होते. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. उंचेपुरे, मानेवर भट्टीच्या धगीने रापलेला पट्टा, आवाज असा की भट्टी चालू असतानाही शेडच्या टोकाला ऐकू यावा. मी कागलहून मोटरसायकलने यायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "पावणं, कुठलं?" कागल म्हटल्यावर, "मग आपलंच की," म्हणून त्यांनी मला जेवायला शेजारी बसवलं. पुढे त्यांची रिटायरमेंट होईपर्यंत आमचे डबे एकत्रच उघडले.

तरुणपणी ते सैन्यभरतीला पुन्हा पुन्हा गेले होते. त्यांच्या गल्लीतली निम्मी पोरं लष्करात. भाई धावण्यात पहिले यायचे, उंची बसायची, छाती फुगायची आणि डॉक्टरसमोर गाडी अडायची. "सगळं पास झालतो," ते सांगायचे. "तळवं सपाट निघालं. आता तळवं काय घासून गोल करायचं?" वयाची मर्यादा संपली, त्या वर्षी त्यांनी कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या एका दुकानातून हे घड्याळ घेतलं. मित्रांनी चेष्टा केली, फौजेनं घेतलं नाही आणि फौजीचं घड्याळ घालतोय. त्यावर ते म्हणाले होते, "मनगटाला तळवा लागत न्हाय."

ते घड्याळ ठेवणीतलं नव्हतं. भट्टीवर, शेतात, लग्नात, नमाजला जाताना, तेच. मनगट हललं की आपोआप चावी भरायची, म्हणून सुट्टीच्या दिवशीही काढून ठेवायची सोय नव्हती. काढलं की थांबायचं. मागे पडायचंही थोडं. रोज सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की भाई उभ्या उभ्या काटा सरकवून घ्यायचे. साच्याची काळी वाळू तबकडीभोवतीच्या कडीत जाऊन बसायची, ती जुन्या टूथब्रशने काढायचे. काचेवर एका ठिकाणी तापल्या लोखंडाची ठिणगी उडून बारीक खळगा पडला होता, नेमका आठाच्या डोक्यावर. दर रविवारी पट्टा साबणाने धुऊन कपड्यांसोबत तारेवर वाळत घालायचे आणि तेवढा वेळ दुसरा, जुना पट्टा लावून फिरायचे. संध्याकाळच्या पाळीत वीज गेली की अख्खी शेड काळीठिक्कर व्हायची. मग कोणीतरी ओरडायचं, "भाई कुठं हाईत?" आणि अंधारात हिरवे काटे वर उचललेले दिसायचे. "हितं हाय. कुणी हलू नका, भट्टी तापलेली हाय."

त्या घड्याळामुळे त्यांना न मागता मान मिळायचा आणि ते तो लगेच परत करायचे. कुणी एसटीत जागा दिली तर बसण्याआधी सांगायचे, मी फौजी न्हाय, द्यायची असली तर म्हातारा म्हणून दे. शबानाचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हा हातकणंगल्याहून पाहुणे आले. मुलाचे वडील घड्याळाकडे बघून खूश झाले. म्हणाले, "फौजीच्या घरातली पोरगी म्हणजे शिस्तीची." भाईंच्या बायको, आमच्या भाभी, पडद्याआडून डोळ्यांनी खुणावत होत्या की गप्प बसा. भाईंनी हातातला कप खाली ठेवला. "पावणं, मी फौजी न्हाय. लोखंड वितळवतो. पोरगी शिस्तीची हाय, पर ती तिच्या आईमुळं." पाहुण्यांना हसू आलं आणि लग्न ठरलं. भाभी मात्र बरेच दिवस धुसफुसत होत्या. "खोटं बोला असं कोण म्हणालं? नुसतं गप्प बसायचं होतं." भाईंचं म्हणणं, गप्प बसलो असतो तर लग्नाच्या दिवशी ते फौजेतल्या गोष्टी सांगा म्हणाले असते.

असा हा माणूस एकदा खोटं बोलला. मी तिथे होतो.

त्या वर्षी पंचगंगेला मोठा पूर आला. कारखाना बंद पडला. भाभींचं माहेर नदीकाठच्या एका गावात होतं आणि तिथल्या माणसांचा फोन लागत नव्हता. कारखान्याचा टेम्पो घेऊन, त्यात पिण्याचं पाणी आणि भाकरी भरून मी आणि भाई निघालो. गावाच्या अलीकडे रस्ताच संपला होता. तालमीची पोरं दोन नावा घेऊन माणसं बाहेर काढत होती. भाभींची माणसं आधीच निघाली होती. आता परतायचं, एवढ्यात नावेवरचा एकजण म्हणाला, "हौसाबाई तेवढी ऱ्हायली. दोनदा गेलतो. येत न्हाय म्हणती."

हौसाबाई एकटीच राहायची. तिचा मुलगा सुरेश सैन्यात, तेव्हा सीमेवर. पाणी चढू लागलं तेव्हा शेवटचा फोन झाला, त्यात तो म्हणाला होता, घाबरू नको, मी मिलिटरीची माणसं धाडतो. म्हातारीने ते धरून ठेवलं होतं. मिलिटरी येईल तेव्हाच ती निघणार होती. मधल्या दिवसांत फोन बंद पडलेला, पाणी उंबऱ्यावरून आत आलेलं.

भाई नावेत चढले, त्यांच्यामागे मी. आम्ही पोहोचलो तेव्हा ती माळ्यावर बसली होती. शेजारी एक शेळी. खाली गुडघाभर पाणी, त्यात चुलीजवळची भांडी तरंगत होती. भाई पाण्यात उतरून शिडीपाशी गेले आणि त्यांनी हात वर केला. "मावशी, चला. पाणी अजून चढायलंय."

म्हातारीने हात धरला, पण उतरायला नाही. मनगट जवळ ओढून ती घड्याळ बघत होती. "असलंच घड्याळ माझ्या सुऱ्याकडं हाय," ती म्हणाली. "मिलिटरीतला हाईस न्हवं तू?"

मला वाटलं, आता ते नेहमीचं वाक्य येणार. भाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मागच्या भिंतीची माती सुटून पाण्यात पडत होती, त्याचा आवाज येत होता.

"व्हय मावशी," भाई म्हणाले.

"सुऱ्यानं धाडलं?"

"व्हय."

"बरा हाय न्हवं त्यो?"

भाईंनी दुसऱ्या हाताने शिडी घट्ट धरली. "बरा हाय."

म्हातारी उतरली. शेळी मी घेतली. नावेत ती भाईंच्या शेजारी बसली आणि सगळी वाट विचारत राहिली. जेवतोय का. वाळलाय का. तिकडची थंडी त्याला सोसत न्हाय, अंगात काय घालतोय का. भाई एकेका शब्दात उत्तर देत होते. "त्याची पाठ दुखती अजून?" तिने विचारलं. "त्ये मला बोलला न्हाय," भाई म्हणाले. तिला न फसवता त्यांना देता येण्यासारखं तेवढं एकच उत्तर होतं. शाळेतल्या छावणीत आम्ही तिला सोडलं. तिने भाईंच्या पाठीवरून हात फिरवला आणि पहिल्यांदाच निवांत होऊन भिंतीला टेकली.

परतताना टेम्पोत भाईंनी घड्याळाची काच सदऱ्याला पुसली. मग म्हणाले, "तानाजी, पैल्या दोन खोट्यांचं मला काय वाटत न्हाय. ती खाली उतरली. तिसरं कशाला बोललो?"

"म्हातारीला धीर आला की," मी म्हणालो.

"माझ्याकडं न्हवताच धीर. मग दिला कुठनं?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते माझ्या दारात उभे. मी त्यांना समजावलं, आधी मुलाचा तपास लागू दे, मग सांगा. त्यांचं ठरलेलं होतं. "तपासात वाईट कळलं तर? मग मी तिला सांगाय गेलो तर ती म्हणंल, काल तर बरा हाय म्हटलावतास. आज सांगितलं पायजे."

छावणीत हौसाबाई पेजेची वाटी घेऊन बसली होती. भाईंना बघून तिने शेजारच्या बाईला सांगितलं, ह्यो बघ, माझ्या सुऱ्याकडचा. भाई तिच्यासमोर खाली बसले आणि एका दमात बोलले. मी फौजेत न्हाय. सुरेशला मी कधी बघितलेलं न्हाय. तो कसा हाय ते मला ठाऊक न्हाय.

म्हातारी रडली नाही, ओरडलीही नाही. वाटी बाजूला ठेवून म्हणाली, "मिलिटरीतला न्हाईस त्याचं काय न्हाय. बुडत्याला कुणी बी चालतंय. पर किती दिसांनी झोपले मी रात्री. तुझ्या शब्दावर झोपले." मग तोंड फिरवून म्हणाली, "उठ हितनं."

भाई उठले. बाहेर येऊन शाळेच्या पायरीवर बसले.   मी म्हणालो, बघा, सांगायला नको होतं. ते म्हणाले, "शिव्या खायचं ठरवूनच आलतो. आता पोराचा तपास लावू."

आमच्या कारखान्याच्या गेटवर चव्हाण म्हणून निवृत्त हवालदार होते. गावातून सुरेशच्या पलटणीचं नाव मिळवून भाई त्यांच्याकडे गेले. चव्हाणांनी ओळखी काढल्या. एकाने दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा. लाइन लागायची नाही, लागली तर तुटायची. भाई चव्हाणांच्या केबिनमधून हलेनात. त्यांना डबाही मी तिथेच नेऊन दिला. शेवटी सुरेशचाच फोन आला. चव्हाणांनी त्याला छावणीत परत फोन करायची वेळ ठरवून दिली आणि आम्ही त्यांचा मोबाइल घेऊन पळालो.

म्हातारीने फोन कानाला लावला. आधी नुसतं "सुऱ्या" एवढंच. मग तिने तेच सगळे प्रश्न पुन्हा विचारले, त्याच क्रमाने. जेवतोस का. वाळलास का. पाठ दुखती का. ह्या वेळी प्रत्येक उत्तर ऐकून ती मान हलवत होती. मध्येच ती थांबली. शेवटच्या फोननंतर सुरेश घसरून पडला होता आणि पाय प्लास्टरमध्ये होता. आईला कळू नये म्हणून त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आता मात्र तिने खोदून विचारलं आणि त्याला सांगावं लागलं.

भाई दाराबाहेर उभे राहून ऐकत होते. मला हळू आवाजात म्हणाले, "बघ. बरा न्हवता."

फोन झाल्यावर म्हातारी दारापर्यंत आली. तिने मोबाइल भाईंच्या हातात दिला. मग म्हणाली, "जेवलास काय?"

"न्हाय मावशी."

"मग बस की." छावणीतली भात-आमटी तिने स्वतः वाढून आणली आणि ते जेवेपर्यंत समोर बसून राहिली.

पुढे ते नातं टिकलं. सुरेश सुट्टीवर आला की भाईंकडे यायचा. एकदा त्याने त्यांना लष्करी कँटीनमधून नवं घड्याळ आणून दिलं. भाईंनी ते मागे-पुढे करून पाहिलं, कौतुक केलं आणि परत दिलं. म्हणाले, "हे खरं फौजी हाय. तुझ्या हातात शोभतंय."

रिटायर झाल्यावर भाई पुष्कळ फिरले. मग छातीचं दुखणं निघालं. वर्षानुवर्षांची भट्टीची धूळ. ह्या पावसाळ्यानंतर त्यांना कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात ठेवलं. मनगट इतकं बारीक झालं होतं की घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. ते सिस्टरनेच काढून भाभींकडे दिलं.

एका दुपारी डॉक्टरांनी जावयाला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की आता फारसं काही हातात नाही. जावई, भाभी, सगळ्यांनी मिळून ठरवलं की त्यांना सांगायचं नाही. भाभी आत जाऊन म्हणाल्या, चार दिवसांत घरी सोडतायत. भाईंनी मान हलवली. भाभी चहाला गेल्या तशी त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"तानाजी, डॉक्टर काय म्हटला?"

मी खुर्ची ओढून बसलो. तोंडाशी सोपं उत्तर होतं. समोरच्या माणसाला ते चाललं नसतं, हे मला ठाऊक होतं. मी सांगितलं. जेवढं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेवढंच.

 त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. शबानाला म्हणावं, पोरांना घिऊन ये. आणि इब्राहिमला बोलव."

इब्राहिम त्यांचा धाकटा भाऊ. घराच्या वाटणीवरून दोघांचं बोलणं तुटून कितीतरी वर्षं झाली होती. मी स्वतः जाऊन त्याला घेऊन आलो. दोघे काय बोलले ते मला माहीत नाही, मी बाहेर बसलो होतो. मग आतून भाईंचा खोकला मिसळलेला हसण्याचा आवाज आला.

मी सांगितलं हे कळल्यावर भाभी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मी तरीही दवाखान्यात जात राहिलो. शबानाची पोरं पलंगावर बसून त्यांच्याशी पत्ते खेळायची. हौसाबाईला सुरेश घेऊन आला, तिने त्यांना हाताने दोन घास भरवले. भाभींना त्यांनी एके दिवशी दार लावून घ्यायला सांगितलं आणि दोघं दुपारभर बोलत बसले.

भाई गेले तेव्हा त्यांचं कुणाशी काही बोलायचं राहिलं नव्हतं.