अंबूबाई पाणी पितात

अंबूबाई देशिंगकर सकाळी सात वाजता अर्धा कप चहा घेत, आणि त्यानंतर संध्याकाळी साडेपाचला घरी येऊन चपला काढीपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घालत नसत. हे व्रत त्यांनी सोळा वर्षं पाळलं होतं आणि त्याला कुठल्याही देवाचा आधार नव्हता. त्या मुलींच्या शाळेत भूगोल आणि गणित शिकवीत, एवढंच त्याचं कारण.

शाळा कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका जुन्या सरदाराच्या पागेत भरत असे. सरदाराचे चांगले दिवस होते तेव्हा तिथं बावीस घोडी उभी राहत. त्यांना पाण्यासाठी दगडी हौद होता, आणि प्यालेलं पाणी बाहेर टाकायला घोड्यांना कुणाची परवानगी लागत नव्हती. पुढं घोडी गेली आणि दीडशे मुली आणि सात मास्तरणी आल्या. भिंतींना चुना लागला, नकाशे टांगले गेले, पण मुलींना आणि मास्तरणींना कधीतरी लघवीला जावं लागतं ही गोष्ट शाळेच्या समितीच्या ध्यानात आली नाही. समितीत नऊ पुरुष होते. त्यांच्यासाठी कचेरीमागं एक संडास बांधलेला होता आणि त्याला पितळी कुलूप होतं. समितीची सभा तीन महिन्यांतून एकदा भरे.

तेव्हा पाणी न पिणं हाच शहाणपणा होता आणि अंबूबाईंनी तो अंगी बाणवला होता. मुली मागून त्यांना 'उंटीण' म्हणत. ते आपल्या चालण्यावरून असावं, असं बाईंना वाटे, कारण त्या अंगानं भारी होत्या. स्टेशनवरच्या काट्यात एक आणा टाकला तेव्हा तिकिटावर एकशे अठ्ठ्याहत्तर पौंड छापून आले, आणि मागच्या बाजूला 'आपले कार्य लवकरच सिद्धीस जाईल' असं भविष्य. बाईंनी ते तिकीट तिथंच फाडलं.

रोज चारच्या सुमाराला त्यांचं डोकं ठणकायला लागे, तोंडाला कोरड पडे आणि पोटात ओढल्यासारखं होई. ही भूक आहे असं समजून त्या भडंगाचा डबा उघडत. भडंगानं आणखी कोरड पडे, म्हणून त्या आणखी भडंग खात.

एक्कावन्न सालच्या मे महिन्यात शाळेचे चिटणीस नृसिंहराव वाळवेकर वकील पुण्याकडच्या एका निसर्गोपचार आश्रमात तीन आठवडे राहून आले आणि अठरा पौंड हलके झाले. मुळात ते खुर्चीत बसले की खुर्ची दिसत नसे, आता ती थोडी दिसू लागली. आश्रमात त्यांना दोन वेळा उकडलेला दुधी आणि बाकी वेळ पाणी मिळालं होतं. वजन दुधीनं उतरलं की पाण्यानं, हा प्रश्न वकिलाला पडायला हवा होता. पण दुधीवर भाषण करता येत नाही, आणि कोल्हापुरात परतल्यावर दुधी खायचा त्यांचा विचारही नव्हता. सगळं श्रेय पाण्याला मिळालं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मास्तरणींच्या खोलीत एक मोठा माठ आला आणि त्यावर सूचना लागली, की प्रत्येक शिक्षिकेनं शाळेच्या वेळात आठ पेले पाणी प्यावं. पहिल्याच आठवड्यात चिटणीस रावसाहेब स्वतः तपासायला आले.

"अंबूबाई, तुम्ही दिवसाला किती पाणी पिता?"

"लागेल तेवढं."

"ते पुरत नाही. हंडा घासावा तशी पाणी आतली चरबी घासून काढतं. तुम्हाला तर त्याची फार गरज आहे. आठ पेले नेमानं घेतलेत तर दिवाळीपर्यंत निम्म्या व्हाल."

बाकीच्या मास्तरणी खिडकीबाहेर बघू लागल्या. अंबूबाईंच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"आणि ते आठ पेले, रावसाहेब, पुढं जातील कुठं?"

नृसिंहरावांना प्रश्न कळला नाही, किंवा कळून त्यांनी तो कानाबाहेरच थांबवला. "घामावाटे," ते म्हणाले आणि दुसऱ्या बाईंकडे वळले.

माठातलं पाणी रोज संध्याकाळी शिपाईण झुंबरबाई झाडांना घाली. त्या वर्षी शाळेतली जास्वंद फार फुलली.

दसरा झाला, उन्हं तापली आणि एका दुपारी त्रैराशिक सोडवताना अंबूबाईंच्या उजव्या कुशीत अशी कळ आली की खडू हातातून पडला. घरी गेल्यावर थंडी वाजून ताप भरला. लघवीला जळजळ तर महिनाभर होतच होती, पण ते कुणाला सांगायचं म्हणून त्या गप्प होत्या. पेठेतले डॉक्टर म्हातारे आणि तोंडाचे फटकळ होते. त्यांनी नाडी धरली, जीभ बघितली आणि विचारलं, "शाळेत पाणी का पीत नाही?"

बाईंनी कारण सांगितलं, आणि चारच्या डोकेदुखीचं आणि भडंगाचंही सांगितलं. 

"माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या मास्तरणींचा हाच आजार आहे," ते म्हणाले. "बारीक खडा झालाय. पाण्यानं वाहून जाईल, नाही तर वाढेल. लघवी फिकट होईपर्यंत पाणी प्यायचं, दिवसभर, थोडं थोडं."

"आमचे वकीलसाहेब म्हणतात, पाण्यानं चरबीही वितळते."

"चरबी म्हणजे काय तूप आहे? पाण्यानं काही वितळत नाही. पण तुमचं चारचं डोकं तहानेनं दुखतं, आणि तहानेला तुम्ही खायला घालता. पाणी प्या, भडंग आपोआप कमी होईल. वकीलसाहेबांना माझ्याकडं पाठवा, मी दुधी लिहून देतो."

दहा दिवसांनी अंबूबाई कामावर आल्या आणि त्यांनी पहिल्यांदा अर्ज लिहिला. प्रकृतीच्या कारणास्तव कचेरीमागील जागेची किल्ली शिक्षिकांस व मुलींस मिळावी. चार दिवसांनी अर्ज परत आला. समासात वकिली अक्षरात शेरा होता: 'विषय सभ्यतेस सोडून आहे. दप्तरी दाखल.'

अंबूबाई तो कागद हातात घेऊन कचेरीच्या पायरीवर बसल्या. ज्या माणसानं सात मास्तरणींना आठ-आठ पेले पाणी प्यायला सांगितलं त्याला पाण्याचा अर्धाच रस्ता सभ्य वाटत होता. झुंबरबाई झाडू घेऊन आली.

"काय झालं वो बाई?"

बाईंनी सांगितलं. झुंबरबाईनं कमरेचा जुडगा सोडला आणि त्यातली एक किल्ली वेगळी करून पुढं धरली.

"ही घ्या. धुवायला माझ्याकडंच असती की."

"अगं, मग सोळा वर्षांत सांगितलं नाहीस ते?"

"कुणी मागितलीच न्हाय. मला वाटलं, शिकल्याल्या बायकांस्नी लागत नसंल."

 अंबूबाईंनी किल्ली घेतली. त्या दिवसापासून कुलूप नुसतं अडकवलेलं असे. आधी अंबूबाई जाऊ लागल्या, मग बाकीच्या सहाजणी, मग मधल्या सुट्टीत मुली. माठ दुपारीच रिकामा होऊ लागला आणि जास्वंद वाळली. अंबूबाईंचं चारचं डोकं पंधरा दिवसांत थांबलं. डब्यातलं भडंग सादळून गेलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आठवडाभर आपण तो उघडलेलाच नाही.

नृसिंहरावांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना मास्तरणी पाणी पिताना दिसत होत्या आणि तेवढ्यानं ते भारावले. संक्रांतीनंतर शाळेत मुलींच्या आयांचं हळदीकुंकू ठरलं, तेव्हा त्यांनी त्यात आपलं 'जल हेच औषध' हे व्याख्यान घातलं. दोन रांजण भरून ठेवले. येणाऱ्या प्रत्येक बाईला तिळगुळाबरोबर दोन पेले पाणी पाजायचं, असा हुकूम निघाला. सव्वाशे बायका आल्या. अध्यक्षस्थानी विद्याधिकाऱ्यांच्या पत्नी होत्या.

रावसाहेब तासभर बोलले. बोलता बोलता त्यांनी सगळ्यांदेखत सहा पेले रिचवले आणि प्रत्येक पेल्यानंतर पोटावर हात फिरवला. मेमध्ये उतरलेलं ते पोट पुन्हा जागेवर आलं होतं, कारण दिवाळीपासून घरात तांबड्या-पांढऱ्या रश्शाला सुट्टी नव्हती. शेवटी त्यांनी कुणाला काही शंका आहे का म्हणून विचारलं. शंका येणार नाही अशी त्यांची खात्री होती.

मागून एक बाई उठली. जवळच्या गडमुडशिंगी गावची धोंडुबाई. तिची मुलगी मामाकडं राहून सातवीत शिकत होती.

"वकीलसायेब, पानी प्यायचं कळलं. चांगलं सांगितलासा. पर माझी पोरगी सांगती, दिवाळीपत्तुर ती सकाळधरनं सांजपत्तुर कळ काढत हुती. आता बाईंनी कुलूप काढलंय म्हणून बरं चाललंय. दीडश्या पोरींस्नी एक जागा कशी पुरायची, तेवढं सांगा की."

सभेत कुजबूज झाली. नृसिंहराव म्हणाले, की हा विषय आजच्या कार्यक्रमाचा नाही.

"मग कवाचा?" धोंडुबाई म्हणाली आणि उभीच राहिली.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. त्या म्हणाल्या, "मलाही उत्तर ऐकायला आवडेल." उत्तर मिळेना, म्हणून त्या स्वतःच बोलायला लागल्या आणि त्याच विषयावर पाऊण तास बोलल्या.

त्या पाऊण तासात सहा पेल्यांनी आपलं काम केलं. नृसिंहराव आधी एका पायावर, मग दुसऱ्या पायावर झाले. त्यांचा घाम निघत होता, पण तेवढा पुरेसा नव्हता. शेवटी ते व्यासपीठाच्या मागून उतरले आणि कचेरीमागं गेले. तिथं पन्नासेक बायका आणि मुली रांगेत उभ्या होत्या. दोन पेल्यांचा हुकूम सगळ्यांनी पाळला होता. दाराशी अंबूबाई रांग लावत होत्या.

"बाई, ही जागा समितीची आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

"हो रावसाहेब. पण विषय सभ्यतेला सोडून आहे, मला त्यावर बोलता यायचं नाही. रांगेचं टोक हौदापाशी आहे."

धोतराचा सोगा सावरीत वकील रस्त्यावर आले आणि समोर दिसेल त्या टांग्यात चढले. मंगळवार पेठेपासून त्यांच्या घरापर्यंतचा रस्ता खडबडीत होता. टांगेवाल्यानं पुढं बऱ्याच जणांना सांगितलं, की वकीलसाहेब वाटभर एक अक्षर बोलले नाहीत आणि घराशी टांगा थांबायच्या आधीच उतरले.

त्यानंतर समितीची सभा तीन महिन्यांनी नव्हे, तिसऱ्या दिवशी भरली. धोंडुबाईचा नवरा जोतीराम वीटभट्टी चालवायचा. तो दोन गाड्या विटा टाकून गेला. पाडव्यापर्यंत हौदाच्या बाजूला चार संडास आणि एक मोरी उभी राहिली.

अंबूबाई मे महिन्यात हुपरीला भाचीच्या लग्नाला निघाल्या तेव्हा स्टेशनवर वाकडी वाट करून पुन्हा काट्यावर चढल्या. एकशे सहासष्ट. निम्म्या काही झाल्या नव्हत्या. पण खडा पडून गेला होता, जिना चढताना धाप लागत नव्हती, आणि बारा पौंडांपैकी किती पाण्याचे आणि किती भडंगाचे, हे गणित शिकवत असूनही त्यांनी सोडवलं नाही.

नृसिंहरावांनी या बांधकामात एकच गोष्ट स्वतःच्या खिशातून दिली. ती म्हणजे संगमरवरी पाटी. तीवर त्यांचं नाव आणि 'यांच्या प्रेरणेने' असे शब्द होते. गवंडी गुंडू पाटी घेऊन अंबूबाईंना विचारायला आला, की कुठं बसवायची. बाई म्हणाल्या, दाराच्या बरोबर वर, ठसठशीत दिसेल अशी.

तेव्हापासून शाळेत मुली बोट वर करून विचारतात, "बाई, नृसिंहरावांकडं जाऊन येऊ?" एकदा वऱ्हांड्यातून जाताना रावसाहेबांच्या कानावर हे पडलं. मुली आपल्याकडं येतात म्हणताहेत आणि येत तर कुणीच नाही, याचा त्यांनी बराच वेळ विचार केला, आणि मग मुलींना भेटता यावं म्हणून दर शनिवारी एक तास कचेरीत बसायला सुरुवात केली.