उड्या थांबवणाऱ्या नणंदबाई

विमानातून उडी मारायला आमच्या नणंदबाईंना जितकं आवडतं, त्याहून अंमळ जास्तच त्यांना दुसऱ्याची उडी रद्द करायला आवडतं, हे मी कुठल्याही देवाची शपथ घेऊन सांगेन. सुरतेतल्या बमरोलीच्या मराठी शाळेत पोरांना कवायत शिकवून निवृत्त झालेली, सुती साडीतली ही खानदेशी बाई आभाळातून उड्या मारायची, हे आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना अजून खोटं वाटतं. उरलेल्यांना पटतं, कारण ताईंनी कधी ना कधी त्यांच्या गॅसची नळी नाही तर झोक्याची कडी ओढून पाहिलेली असते. संक्रांतीला सारं सुरत पतंगांकडे बघत असतं, तेव्हा ताई गच्चीच्या कठड्यांकडे बघत असतात. एका संक्रांतीला माझे वडील, म्हणजे घरचे व्याही, कठड्यावर चढून पेच लावत होते. ताईंनी त्यांना मोठ्या आदराने खाली उतरवलं, हातात उंधियूची ताटली दिली आणि भिंतीशी बसवून ठेवलं. वडील संध्याकाळपर्यंत तिथेच होते. उठायची त्यांची छाती झाली नाही.

ताई धुळ्याच्या कॉलेजात एनसीसीत होत्या, तेव्हा लष्कराने काही मुलींना पॅराशूटने उतरायला शिकवलं. ते वेड अंगात राहिलं. पुढे उत्तर गुजरातेतल्या एका जुन्या धावपट्टीवर हौशी मंडळींचा क्लब निघाला, तेव्हापासून दर थंडीत ताई पिशवी घेऊन गाडीत बसायच्या. तिथे पॅराशूटला सगळे छत्री म्हणतात. इतरांच्या छत्र्या ताई अशा घड्या घालून ठेवत, की लग्नातल्या शालूने झक मारावी. हळूहळू सुरक्षेचं सगळं त्यांच्याकडेच आलं. कारण विमानाचे कागद तपासायला सरकारी माणूस असतो, पण आज कोणाच्या पट्ट्या सैल आहेत, कोणाची झोप झालेली नाही, हे बघायला कोणता साहेब येणार? ते आपलं आपणच बघायचं. ताईंनी तिथे एक नियम घालून दिला. अगदी काल आलेल्यानेही 'नको' म्हटलं, की विमान थांबेल, आणि त्याला कोणी हसणार नाही.

अडचण अशी, की आपलं सुरत 'चालशे', म्हणजे चालेल, या एका शब्दावर चालतं. दोरा जरा कच्चा आहे, चालशे. ब्रेक जरा लागत नाही, चालशे. या शब्दाशी ताईंचं सात जन्मांचं वैर. एका बड्या कापड व्यापाऱ्याने हेल्मेटच्या पट्ट्याबद्दल तो उच्चारला, तर ताईंनी त्याला दिवसभर जमिनीवर ठेवलं आणि वर त्याच्याकडूनच सगळ्यांसाठी चहा करवून घेतला.

आमच्या ह्यांची पन्नाशी झाली तेव्हा बहिणीच्या क्लबात उडी मारायची त्यांनी ठरवली. शिक्षकाच्या छातीशी बांधून घ्यायचं आणि उतरायचं, एवढंच. आम्ही सगळे थेपल्यांचे डबे घेऊन गेलो. हे टोपी, चष्मा घालून तयार, विमानाचा पंखा फिरू लागलेला, आणि ताईंनी खांबावरच्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पिशवीकडे बघून नकारार्थी मान हलवली. शिक्षक म्हणाला, वारा नियमात बसतो. ताई म्हणाल्या, नियम सरळ वाऱ्यासाठी आहे, हा झटके देतोय. मग भावाजवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "भाऊ, आज नही." झालं. परतीच्या गाडीत हे खिडकीकडे तोंड करून बसले ते सुरत येईपर्यंत. वारा तासाभरात पडलाही होता. ते ताईंना सांगायची हिंमत मात्र कोणात नव्हती.

आणि मग दोन थंड्यांमागे ताईंचा उजवा खांदा धरला. घरी त्या वरच्या फळीवरचा डबा मला काढायला सांगू लागल्या, इतकंच. मोसमाच्या सुरुवातीला क्लबात सगळ्यांना जमिनीवरच सराव करावा लागतो. टांगलेल्या पट्ट्यांत लोंबकळायचं, आणि मोठी छत्री उघडली नाही असं कोणी ओरडलं, की राखीव छत्रीची मूठ ओढायची. ताईंनी ती ओढली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताई खाली उतरल्या आणि म्हणाल्या, माझा हात उशिरा पोचला, मी आता उडी मारणार नाही. कोणाला काही दिसलंच नव्हतं. पोरं म्हणाली, ताई, तुम्ही उगाच ताणता. कोणीतरी, बिचाऱ्याने प्रेमानेच, 'चालशे' म्हटलं. त्याला त्या रागावल्यासुद्धा नाहीत. घरी येऊन भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, "मना हात आते मांगे पडस वं." आणि तवा चुलीवर नीट बसला आहे ना, ते बघू लागल्या.

मागच्या थंडीत मी त्यांच्यासोबत गेले. उडी मारायची नसली तरी त्या जातातच. पट्ट्या तपासायला कोणीतरी हवंच. विमान वर गेलं, ठिपका झालं, मग त्यातून आणखी बारीक ठिपके सुटले. ताईंचे ओठ हलत होते. मला वाटलं जप चाललाय. पण त्या उघडणाऱ्या छत्र्या मोजत होत्या. शेवटची लाल छत्री उमलली, तेव्हा त्यांनी धरलेला श्वास सोडला.

"ताई, अजून वर जावंसं वाटतं का हो?" मी विचारलं.

"रोज वाटस," त्या म्हणाल्या, आणि एव्हाना खाली उतरून वाऱ्याने फुगलेली ती लाल छत्री गोळा करायला गवतातून भराभर निघाल्या.