शेवटचा नंबर

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा कधी सांगितली नाही. 'कुणाच्या अध्यात ना मध्यात' असं गावात माझं चांगलं नाव आहे. ते मी कसं कमावलं, हे मला आणि आणखी एका बाईला ठाऊक आहे.

ऐंशी सालानंतरच्या त्या दुष्काळात मी आमच्या गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी होतो. वय पंचविशीच्या आतबाहेर. सकाळी लोक किटल्या घेऊन ओट्यावर रांग लावत. मी दूध मापून एका मोठ्या कॅनमध्ये ओतायचो. लोहारा गावाकडून दूध न्यायचा टेम्पो यायच्या आधी त्याच कॅनमधलं तांब्याभर दूध काढून संचालकांचा चहा व्हायचा. ते सगळे तिथंच बाकावर बसलेले असत. विहिरी आटल्या, चाऱ्याची मारामार झाली, तरी तो चहा कधी चुकला नाही.

बौद्ध वस्तीतल्या एका मावशीनं त्या साली म्हैस घेतली आणि दूध घालायला सुरुवात केली. दूध चांगलं घट्ट असायचं. ते घालून ती तशीच पाझर तलावाच्या रोजगार हमीच्या कामावर जायची.

एके दिवशी मी तिची किटली कॅनमध्ये रिकामी केली, आणि बाकावरून थोरल्या संचालकांचा, आण्णांचा, आवाज आला, "आता च्या कशाचा करतूस, सेक्रेटरी? म्हातारपणी बाटवतूस व्हय आमाला?"

सगळे हसले. मावशी वळली. "आण्णा, म्हस तुमच्याच दावणीची हाय की. गेल्या साली तिचंच दूध पीत व्हता, तवा न्हाय बाटला?"

खरंच होतं. ती म्हैस आण्णांनीच तिला विकली होती. आता कुणी हसेना. आण्णा तिच्याशी बोललेच नाहीत, माझ्याकडं बघत राहिले. 'मावशी बरोबर बोलत्यात' एवढं म्हटलं असतं तर कदाचित माझी नोकरी गेली असती. कदाचित नसतीही गेली. मी म्हणालो, "जाऊ द्या मावशी. सकाळी सकाळी उगं वाद कशाला?"

वाकडं बोलले ते, आणि गप्प बसवलं मी तिला.

दुसऱ्या दिवशी मी आणखी शहाणपणा केला. तिला बाजूला बोलावून म्हणालो, "उद्यापास्नं जरा शेवटी येत जावा. म्हंजे कुणी काय बोलायचं न्हाय." ती तशी शेवटी येऊ लागली. तिचं दूध पडायच्या आत चहाचं दूध निघू लागलं. बाकावर सगळं शांत झालं. एकदा आण्णांनी पाठीवर थाप मारली, "पोरगं समजूतदार हाय." मला ते आवडलं होतं, हेही सांगतो.

ती मात्र तलावावर उशिरा पोचू लागली. तोवर मुकादमाची हजेरी होऊन जायची, टोळी भरलेली असायची. तिला परत पाठवायचे, आणि घर तर त्याच मजुरीवर चाललेलं. मला हे कळलं ते तिच्याच तोंडून. एका सकाळी ती रिकाम्या हातानं ओट्यावर आली. बाकावर सगळे होतेच.

"दूध बंद करते, सेक्रेटरी. पयली आले तर ह्यांचा च्या बाटतो, आन् शेवटी आले तर तिकडं काम मिळत न्हाय."

आवाज चढवला नव्हता तिनं. बाकावरचे माझ्याकडं बघत होते. मी "बरं" म्हणालो आणि रांगेतल्या पुढच्या माणसाची किटली घेतली.

पुढं तिनं म्हैस विकली. आण्णा वारले, सोसायटीही बसली. मावशी आहे. आठवडी बाजारात भेटली की विचारते, "पोरं बरी हायत का सेक्रेटरी?" अजून सेक्रेटरीच म्हणते. मी "बरी हायत" म्हणतो आणि पुढं सरकतो. तिला एकटीला गाठून माफी मागणं एखाद वेळेस जमेलही, पण तेवढ्यानं भागायचं नाही. ती बोलली होती चार माणसांत, आणि गप्प केली गेली तीही चार माणसांत.

मावशीचं बरोबर होतं आणि तिला शेवटी उभं केलं ते मी, हे चार माणसांत मोठ्यानं बोलणं मी तिचं देणं लागतो. अजून बोललेलो नाही.