नार्व्याच्या शाळेची भिंत

गोवा राज्य झालं त्या सुमारास विद्यापीठाच्या पठारावर ग्रंथालय बांधणारा बेळगावकडचा एक गवंडी होता. चिरा बसवला की तो त्याला कान लावून ठोकून बघायचा. आम्हा विद्यार्थ्यांना ‘साहेब’ म्हणायचा.

श्रमदानात आम्ही नार्वे गावच्या शाळेला भिंत घातली, तेव्हा शिकवायला त्याला नेलं होतं. तो सांगत राहिला, आम्ही हसत-खिदळत चिरे रचत राहिलो. शेवटी सरांनी आमचं कौतुक केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यानेही वाजवल्या.

रविवारी मी विसरलेला डबा आणायला गेलो, तर तो एकटाच आमची भिंत पाडत होता.

“हे काय?”

“पोरं टेकून बसत्यात, साहेब.”

मी ओशाळून विचारलं, “मी मदत करू?”

त्याने बराच विचार केला आणि मला विहिरीवर पाणी आणायला पाठवलं.